नऊची मुरड

शिवणाच्या दुकानात तीस वर्षांत मास्तरबाईंनी मान खाली घातली असेल तर ती फक्त सुईत दोरा ओवायला. गिऱ्हाईक असो की जावई, सगळ्यांना त्या एकाच टेपनं मोजत. त्यामुळे दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, चार खुर्च्यांच्या टेबलाशी, हातात दहा बाजूंचा फासा घेऊन बसायची पाळी आली तेव्हा त्यांचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं.

"हा उपचार? मला वाटलं गोळ्या असतील."

"गोळ्याही आहेत," समुपदेशक बाई म्हणाल्या. "पण दर मंगळवारी हा खेळ. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. मी गोष्ट सांगते, सोंगानं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगतो. आज घरच्यांनाही बोलावलंय."

मास्तरबाई आल्या होत्या धाकटीसाठी. धाकटी म्हणजे त्यांची लेक. मापं मास्तरबाई घेऊन वहीत लिहीत, दुकानातलं सगळं कापणं तिच्याकडं. आठ महिन्यांपूर्वी, कात्री हाती येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, तिनं एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड आखूड कापलं. त्याच्या वडिलांनी जपून ठेवलेलं कापड, तसं पुन्हा मिळणार नव्हतं. मास्तरबाईंनी भर दुकानात तिची खरडपट्टी काढली. "डोळे गहाण टाकलेस का?" म्हणाल्या. त्या दिवसापासून धाकटी कापड अंथरी, टेप लावी, परत लावी, दहादा लावी आणि कात्री ठेवून देई. पुढं पुढं कापायच्या टेबलाजवळ गेलं की तिचा श्वासच अडकायला लागला. आता ती हे कामच सोडायचं म्हणत होती.

खेळात ती चोर झाली होती. भिंती चढणारी, कुलपं उघडणारी.

"आपल्यात कुणी नव्हतं हो असलं," मास्तरबाई म्हणाल्या.

चौथ्या खुर्चीवर निवृत्त पोस्टमन होते. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलं होतं, पण इथं ते मांत्रिक होते आणि मंत्र म्हणायला मिळाले की खुलायचे.

मास्तरबाईंच्या वाट्याला म्हातारा शिपाई आला. "म्हातारा चालेल, पण ताठ पाहिजे," असं बजावून त्यांनी फासा टाकला. समुपदेशक बाई नकाशा उलगडण्यात गुंतल्या होत्या. शिपायाची ताकद काय पडली ते मास्तरबाईंनी आपल्या कार्डावर लिहिलं आणि कार्ड ऐटीत पुढं सरकवलं.

गोष्ट सुरू झाली. नदी, तुटका पूल. चोरानं दोरानं पलीकडं जायचं, शिपायानं अलीकडून दोर धरायचा.

"धरते की. पोरगी माझीच आहे."

समुपदेशक बाईंनी कार्ड पाहिलं. "पाचाच्या वर ताकद हवी होती. तुमची एक. दोर सुटला. चोर पाण्यात."

"एक?" मास्तरबाई खुर्चीतून उठल्या. "नऊ आहे तो! चांगला नऊ पडला होता."

"मला एक वाटला."

कार्ड पोस्टमनकडं गेलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "बाई, जन्म गेला लोकांचे पत्ते वाचण्यात. हा एक आहे. नऊला डोक्याशी मुरड लागते, ती तुम्ही खाल्लीत."

"मी असाच काढते नऊ. दुसरीपासून. त्यापुढं शाळेनं मला ठेवलंच कुठं?"

बोलून झालं आणि त्या थांबल्या. धाकटी टेबलाची कड वितीनं मोजत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग वीत थांबली.

"आई, त्या कोटाची उंची किती होती?"

पेन सुमार होतं, उजेड कमी होता, सगळं मास्तरबाईंच्या जिभेवर तयार होतं. लेकीचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबून पांढरा पडला होता. त्यांनी ते पाहिलं आणि जीभ आवरली.

"एकोणचाळीस."

"मी एकतीस वाचलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुला? कोण विचारणार?"

पोस्टमननी उगाच खाकरून घेतलं. समुपदेशक बाई एवढंच म्हणाल्या, "चोर अजून पाण्यात आहे. शिपाई काय करतो?"

मास्तरबाई खाली बसल्या. "उतरतो. पाण्यात." मग कार्डाकडं बघत म्हणाल्या, "आणि तिला सांगतो, दोर माझ्या हातून सुटला. कोटही माझ्याच हातून गेला. तुझे डोळे चांगले आहेत."

धाकटीनं फासा उचलला आणि टाकला.

"सात," पोस्टमननी वाचलं. "लागली काठाला."

दुसऱ्या दिवशी दुकानात मास्तरबाईंनी एका गिऱ्हाइकाला टेप लावला आणि मापांची वही धाकटीकडं सरकवली. "तू लिही. बाही चोवीस."

"परत सांग."

एकच गोष्ट दोनदा सांगायची त्यांना आयुष्यभर चीड होती. "चोवीस," त्या म्हणाल्या. "दोनावर चार."

गिऱ्हाईक गेल्यावर त्या मशीनवर पाठमोऱ्या बसल्या. मागं कापड अंथरल्याचा आवाज झाला. टेप लागला. परत लागला. तिसऱ्यांदा लागला. मास्तरबाईंनी पाय मशीनच्या पायट्यावर नुसता ठेवला होता.

मग कात्री कापडातून चालल्याचा आवाज आला.

"सावकाश" अगदी ओठांशी आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि पायटा दाबला.