पडद्याची मोटर

तळोद्याच्या घेवरचंद शेठनी थोरल्या मुलाचं, सुभाषचंदचं, लग्न केलं, त्या एकोणीसशे अडतीस साली मी त्यांच्या दारी आले. मित्रांनो, मी एक जुनी, शर्यतीच्या गाडीच्या घाटाची मोटर आहे. छप्पर नाही, अंग बुटकं, नाक निमुळतं, शेपूट होडीच्या टोकासारखं. नव्या सुनेला, जडावबाईला, वेशीपासून घरी मीच आणलं. तिच्यासाठी शेठनी माझ्या मागच्या बैठकीवर लाकडी चौकट ठोकून घेतली आणि चारी बाजूंनी जाड लाल पडदे सोडले. त्या घरची सून गावाला तोंड दाखवत नसे, सासऱ्यासमोर बोलत नसे. काही हवं असलं तर सासूच्या, उमरावबाईच्या, कानात सांगायचं.

जडावबाईचे वडील झुंबरलाल अक्कलकुव्याचे. त्यांचीही मोटर होती, उंच, पेटीसारखी. मला पाहून ते म्हणाले, "व्याहीजी, हाई मोटर शे का म्याना?"

मोटरीला पडद्याचा मेणा म्हटलेलं शेठना झोंबलं. दिवाळीत दोघांनी पैज लावली. अक्कलकुव्याच्या रस्त्यावरच्या उतारावर दोन्ही मोटरी न्यायच्या, इंजिन बंद करायचं आणि ब्रेक सोडायचा. घरंगळत जी लांब जाईल ती जिंकली. पहिल्या खेपेला मी पडद्यांसकट सुटले. पडदे फुगले, चौकट करकरली आणि मी उताराखालच्या बाभळीपाशीच थबकले. पेटी माझ्यापुढे निघून गेली. लोक हसले. शेठनी चौकट उतरवली आणि दोन्ही मोटरी पुन्हा वर नेल्या. या वेळी वारा माझ्या अंगावरून पाण्यासारखा निसटला. बाभूळ मागे पडली, नाला मागे पडला, पेटी तर मागे दिसेनाशी झाली. शेठनी तिथंच गूळ वाटला. पडद्यात वारा भरला की तो गाडीला कसा मागे ओढतो, हे त्यांनी हात नाचवून सगळ्यांना समजावलं.

घरी येताच चौकट पुन्हा ठोकली.

पाच वर्षं गेली. लढाईमुळे पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर मिळू लागलं, तेही थोडं. वैशाखात जडावबाई बाळंतपणात अडली आणि सुईणीनं हात टेकले. सुभाषचंद सुरतेला होता. नंदुरबारला बाईडॉक्टर होत्या, तिकडे निघालो; शेठ पुढे ड्रायव्हरशेजारी, उमरावबाई मागे सुनेजवळ. टाकीतलं पेट्रोल तिथवर जेमतेम पुरलं असतं, पण त्या दुपारी समोरून झळांचा वारा सुटला होता. पडदे शिडासारखे ताणले गेले. भिकन ड्रायव्हर म्हणाला, "शेठजी, वारा गाडीले मांगे लोटी ऱ्हायना. पडदा काढी टाकूत. पेट्रोल पुराव नही."

"गाव जाऊ दे. मग काढू."

गाव गेलं. तापीच्या वाळूत कपाशीच्या पऱ्हाट्या अंथरून गाडीवाट केली होती. तिथं बाया धुणं धूत होत्या. शेठ म्हणाले, एवढ्या बाया जाऊ दे. त्याही गेल्या. पुढं बाजाराच्या बैलगाड्या लागल्या.

तेव्हा पडद्याआडून आवाज आला. सासूच्या कानात नाही, मोठ्यानं. शेठ तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होते.

"बापूजी, पडदा काढा. माले कोनीबी देखो."

उमरावबाईंनी तोंडावर पदर घेतला. शेठनी मान वळवली नाही. बायकोला म्हणाले, "सूनबाईला सांग, नंदुरबार आलंच."

स्टेशनातला धूर दिसू लागला आणि मी आचके देत बंद पडले. भिकननं धावत जाऊन एक बैलगाडी थांबवली. तेव्हा पडदे निघाले, त्या बैलगाडीला बांधायला.

आता मी गोठ्यामागे पडून आहे. चौकटीवर कोंबड्या बसतात. मोटर अपशकुनी निघाली, असं शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. उतारावर मी त्यांना काय दाखवलं होतं, ते त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असं मी सांगत नाही. माझे दिवस सरले. घरात जे माणूस कधी बोलत नाही, ते बोललं की गाडी तिथंच थांबवा. एवढंच करा.

घेवरचंद शेठची सून आणि झुंबरलालची लेक जडावबाई एकोणीसशे त्रेचाळीस साली, वैशाख वद्य पंचमीला, नंदुरबारच्या वेशीबाहेर बैलगाडीत वारली. बाळ पोटातच गेलं.