मुक्या मिस्त्रीचा सत्कार

शांतवन पस्तिशीचा झाला तरी चार माणसांत त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. तिसगावजवळच्या एका गावात तो सुतारकाम करी. लाकडाशी त्याचं बरं जमे. लाकूड उलटून काही विचारत नाही. गिऱ्हाईक आलं की बायको कृपा बोलायची, हा मापं घ्यायचा. गावाने त्याला 'मुका मिस्त्री' करून टाकलं. नावं ठेवण्यात आमची गावं कधी आळस करत नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात टँकर सुरू झाला. तो वरच्या आळीच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि तिथे शांतवनच्या ख्रिस्ती आळीला पोहरा टाकू देत नसत. वरून कुणी घागरीत ओतेल तेवढंच. एक दिवस कृपा कडाडली, "आळीत शिकल्यालं तुमी एकलंच. गावच्या सभेत तुमी न्हाई बोलनार, तर कोन बोलनार?"

नगरला मनाचे आजार बघणारा एक डॉक्टर होता. शांतवन त्याच्याकडे गेला. डॉक्टरने गोळ्या दिल्या नाहीत, काम दिलं. "भीती जायची वाट बघू नका. ती असतानाच बोला. रोज एका अनोळखी माणसाशी. आणि वहीत लिहून ठेवा."

पहिल्या दिवशी एसटी स्टँडवर एकाला वेळ विचारताना त्याला दरदरून घाम फुटला. पंधरवड्याने तो कंडक्टरशी जागेवरून भांडला. मग उपासनेत उभं राहून शास्त्रपाठ वाचला. असे चार महिने गेले.

ग्रामसभेत तो उठला. "टँकर सरकारचा हाय. मग आमच्या आळीला हिरीवर पानी का भरू देत न्हाई?"

सरपंच काकासाहेबांचे डोळे खरोखरच भरून आले. "आरं, मुका मिस्त्री बोलला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टॉवेल, टोपी, नारळ आला. सत्काराला गाव नेहमी तयार. टोपी घालून घेत शांतवन म्हणाला, "पन पान्याचं काय?"

"बघा, परत बोलला!" टाळ्या आणखी वाढल्या. सभा उठली.

मुका होता तोवर त्याला आशा होती, आपण बोललो की लोक ऐकतील. आता तीही गेली.

दारात कृपा घागर घेऊन उभी होती. "सरपंच काय म्हनलं?"

"झकास बोललास म्हनलं."