टेबलावरचे चिमटे

“सांगा ना केराबाई, लाजू नका,” एचआरच्या अंकिता मॅडम म्हणाल्या. चादरीच्या कारखान्यात ‘तुमची कल्पना, आपली प्रगती’ नावाची योजना निघाली होती. दर शनिवारी चहा-बिस्किटं आणि त्यावर सूचना. बिस्किटं संपायची, सूचना काही निघायची नाही.

केराबाईनं शेजारी बसलेल्या चन्नम्माकडं पाहिलं. चादरीची घडी दोघींची. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, झटकायची आणि चालत येऊन हाताला हात लावायचा. बाळंतपणं, सासवांची मरणं, सगळं त्या चादरीवरूनच एकमेकींना सांगून झालं होतं. आता चन्नम्माचा उजवा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. सुपरवायझर सिद्धनाथ तिला काढायची भाषा करत होता.

“टेबलाला दोन चिमटं बसवा,” केराबाई म्हणाली. “पल्याडची टोकं चिमटं धरतील. मग चन्नम्माला हात उचलाय नगं. ती बसून लेबल लावंल की.”

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. शाल-नारळ झाला, गेटजवळच्या फळ्यावर केराबाईचा फोटो लागला. कुंकू चन्नम्मानंच लावलं. “देवानंच सुचवलं बघ तुला, केराक्का.”

चिमटे बसले आणि आठवड्याभरात चन्नम्माला घरी बसायला सांगितलं. लेबलं मशीनवर शिवून येणार होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. केराबाई रडत ऑफिसात गेली.

“मॅडम, मी तिच्यासाटी सांगितलं हुतं.”

“हो, पण घडीला एकच बाई पुरते, हे तुम्हीच दाखवलंत ना?”

मॅडमच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

गेटवर चन्नम्मा पिशवी घेऊन उभी होती. “मला इचारायचं तरी, केराक्का. डाव्या हातानं उचलली असती की मी.”

पुढच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, “केराबाई, तुमच्याकडून आणखी अपेक्षा आहेत हं.”

पंखा खिडकीकडं हलवला, तर सुताची धूळ बायकांच्या नाकातोंडात जाणार नाही, हे केराबाईच्या कधीपासून मनात होतं. त्यानं कुणाचं काय जाणार होतं? पण चिमट्यानंही कुणाचं काही जाईल असं वाटलं नव्हतं.

“न्हाय मॅडम,” ती म्हणाली, “मला काय सुचत न्हाय.”

पदर तोंडावर धरून खोकत ती आपल्या टेबलाकडं गेली.