न तपासलेली प्रार्थना

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना, येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार आणि त्यांवर बोलायला मंडळीतलेच सात वक्ते, ही विश्रांतवाडीच्या त्या चर्चची जुनी रीत. कुणाला कोणता उद्गार हे चिठ्ठ्यांवर ठरायचं, म्हणजे देवानेच नेमलं असं. दानाच्या थैलीत हात घालायचा आणि चिठ्ठी उचलायची. कल्याणी हिवाळे पुढे आली तेव्हा मात्र पाळकसाहेब, रेव्हरंड रंगनाथ ओहोळ, म्हणाले, "थांबा, तुमची मी काढतो." थैलीत हात घातल्यासारखं केलं आणि मुठीत आधीच असलेली चिठ्ठी तिच्या हातावर ठेवली. पहिला उद्गार. क्षमेचा, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना कळत नाही.’

देवाने नेमलं म्हणे! कल्याणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या भावाने, चेतनने, स्वतःचा जीव घेतला. आयटीतली नोकरी सुटली होती, पोरगा बोलायचा बंद झाला होता, आणि घरच्यांना नीट कळायच्या आत सगळं संपलं. शववाहिका चर्चच्या फाटकाशी उभी, आणि साहेब आत ऑफिसात बसून. बाहेर नुसता निरोप आला की असलं मरण चर्चमध्ये आणलं तर तरुणांत चुकीचा संदेश जातो. ज्या हातांनी चेतनचा बाप्तिस्मा केला, त्या हातांना त्या दिवशी फाटकाची कडी काढता आली नाही. कब्रस्तानात चार नातेवाईक जमले, मामाने अडखळत प्रार्थना म्हटली आणि माती लोटली.

तेव्हापासून द्वारकाबाई, म्हणजे कल्याणीची आई, शेवटच्या बाकावर बसायच्या. कुणी पुढे बोलावलं की एकच उत्तर, "माझ्या लेकराला मंडळीचं आमेन मिळालं नाही. मी कुठल्या तोंडाने पुढे बसू?" आईला ते आमेन, अख्ख्या मंडळीने मिळून म्हटलेलं ‘तसंच होवो’, मिळवून द्यायचं, एवढ्यासाठीच कल्याणीने वक्त्यांत नाव दिलं होतं. चर्चभर लोकांसमोर चेतनचं नाव घ्यायचं, बास.

शनिवारी साहेबांनी वक्त्यांचा वर्ग घेतला. उपदेश कसा द्यावा, तर मुद्दे तीन आणि दृष्टांत एक, तोही घरगुती. वेळ पाळायची. आवाज हळूहळू खाली आणायचा, विमान उतरवतात तसा. शेवट आशेने करायचा. आणि व्यासपीठावरून कुणाचंही नाव घ्यायचं नाही. "आधी लिहून आणा, मी नजर टाकतो," असं म्हणून साहेबांनी वर्ग संपवला.

कल्याणी कोथरूडला एका क्लासचं ऑफिस सांभाळायची. जाता-येता बसमध्ये तिने उपदेश लिहिला, आणि साहेबांनी तो लाल पेनाने सोलून परत दिला.

"कल्याणीताई, फार छान जमलंय. फक्त हा चेतनचा परिच्छेद काढू या."

"का काढायचा?"

"अहो, उपदेश म्हणजे गाऱ्हाणं नव्हे. लोक रडत बसतील आणि संदेश राहील बाजूला. त्यापेक्षा शेवटी साक्ष द्या. म्हणा, माझ्या मनात अढी होती, ती आज मी सोडली. फार प्रभावी होतं बघा."

"कुणाविषयीची अढी, साहेब?"

"नाव नको. लोकांना कळतं."

कळतं ना, न कळायला काय झालं! हिने चारचौघांत माफ करायचं, आणि यांनी माफी मागायचीसुद्धा नाही. वर ते प्रभावी! कल्याणीला वाटलं, तो कागद त्यांच्या चहाच्या कपात बुडवावा. पण ती म्हणाली, "बरं. समारोपाची प्रार्थना पण लिहून दाखवू?"

साहेब हसले. "प्रार्थना कसली लिहिताय? आपल्यात प्रार्थना लिहीत नाहीत. आत्मा सुचवेल तशी करा."

शुक्रवारी चर्च गच्च भरलं होतं. पांढऱ्या साड्या, वर गरगरणारे पंखे, उकाड्याने जीव नकोसा. कल्याणी व्यासपीठावर उभी राहिली आणि तिने अगदी सांगितल्यासारखा उपदेश दिला. तीन मुद्दे सांगितले, एक दृष्टांत दिला, नाव कुणाचंच घेतलं नाही. एकच वाक्य तिने पदरचं घातलं, "येशूने त्या लोकांसाठी क्षमा मागितली ती त्यांना कळत नव्हतं म्हणून. ज्यांना सगळं कळत होतं, त्यांच्याबद्दल तो त्या वेळी काही बोलला नाही." साहेबांनी मान वर केली. तोवर ती म्हणालीसुद्धा, "प्रार्थना करू या."

झालं, सगळ्यांच्या माना खाली आणि डोळे बंद. प्रार्थना चालू असताना छत कोसळलं तरी त्या मंडळीत कुणी मध्ये बोलत नाही, पाळकही नाही.

"हे बापा," कल्याणी म्हणाली, "चेतन मधुकर हिवाळे, याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला, याच बाकांवर वाढलेला. गेल्या वर्षी आम्ही त्याला फाटकाशी थांबवला. आज तुझ्यासमोर आणलाय. त्याला हाताला धरून घरात घे. आणि ज्यांनी फाटक उघडलं नाही त्यांचं तूच बघ, माझ्याने होत नाही. येशूच्या नावाने मागते."

"आमेन!" अख्खं चर्च सवयीने म्हणालं. साहेबांचं आमेन नेहमी सगळ्यांच्या आधी आणि माईकवर असायचं. आजही तसंच गेलं. तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की आपण कशाला आमेन म्हटलं, आणि त्यांनी घाईघाईने गीतांचं पुस्तक उघडलं.

"थांबा."

द्वारकाबाई शेवटच्या बाकापाशी उभ्या होत्या. पदर डोक्यावरून घसरला होता, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"हे सवयीचं झालं," त्या म्हणाल्या. "आता डोळे उघडे ठेवून म्हणा. माझ्याकडे बघून."

 मग पुढून एक म्हातारा मागे वळला आणि म्हणाला, "आमेन." त्याच्या शेजारची बाई म्हणाली. मग बाकामागून बाक वळत गेला, कुणी रडत, कुणी ओशाळून, पण बाकांवरचा प्रत्येक जण म्हणाला. कल्याणीला भरून आलं, पण राग गेला नव्हता.

 साहेब पुस्तकात गीताचा क्रमांक शोधत होते. द्वारकाबाई खाली बसल्या नाहीत.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही राहिलात."