टेम्पोतून आलेली सायकल

मिथुनच्या हातचा माल वाटेत सुटला, असं भिवंडीजवळच्या वळ गावच्या गोडाऊनपट्ट्यात कोणी म्हणायची सोय नव्हती. कधीकाळी पाठीवर गोण्या वाहणारा हमाल म्हणून तो इथे लागला आणि आता सुपरवायझर झाला होता. तरी ट्रकचा शेवटचा पट्टा तो स्वतःच आवळायचा. पट्ट्यावर बोट मारायचं, टणक आवाज आला तरच गाडी सोडायची, ही त्याची रीत. राजनोली नाक्यापर्यंतचे खड्डे ज्याला पार करायचेत त्याने देवावर नाही, पट्ट्यावर भरवसा ठेवावा, असं तो नव्या हमालांना ऐकवायचा.

अशा माणसाने आपल्या छोट्या गाडीला मागे सायकलचा रॅक बसवायचं मनावर घेतलं, ते मुलीपायी. खरं बोलायचं तर भावापायी.

मुलगी धम्मदिना, घरची दिना. ट्रकांची वर्दळ सुरू व्हायच्या आत ती रोज अंबाडीपर्यंत सायकल मारून यायची. राज्याच्या संघाची निवड नाशिकजवळ होती आणि पुढच्या वर्षी तिचं वय त्या गटात बसणार नव्हतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. तिला शिकवणाऱ्या रुचिका मॅडमनी निवडीपुरती आपली स्वतःची कार्बनची सायकल तिच्या हवाली केली होती. मिथुनने ती एका हाताने उचलून पाहिली आणि तिच्यावरून त्याचा विश्वासच उडाला.

"ही सायकल हाय का फुगा?" तो म्हणाला. "एका खड्ड्यात उडून जाईल."

आता भाऊ. सुमित ठाण्याला बँकेत, दाराशी मोठी गाडी. ज्या कॉलेजच्या जोरावर तो बँकेत चिकटला, त्या कॉलेजच्या फीपायी मिथुनची पाठ सोलून निघाली होती. ते सुमित विसरला नव्हता, पण विसरला असता तर बरं, इतक्या गोड आवाजात तो हल्ली मदत देऊ करायचा. त्याचा फोन आला, "दादा, माझ्या गाडीत मागची सीट पाडली की सायकल आरामात झोपते. तुझ्या गाडीत कुठं मावणार? मी नेतो ना दिनाला."

त्या 'तुझ्या गाडीत'ने मिथुनच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी पोरगी माझ्या गाडीतून जाईल," म्हणून त्याने फोन ठेवला.

"भावजी आपणहून येतायत तर येऊ द्या की," त्याची बायको संघरत्ना म्हणाली.

"का? आपली गाडी काय भंगारात घातलीय?"

संघरत्ना आपल्या कामाला लागली. या दोन भावांच्या मधे बोलून आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं.

अर्ध्या देशाचा माल ज्या गोडाऊनांतून जातो, तिथल्याच एका खोक्यातून रॅक घरी आला. आत चित्रांचा एक कागद होता. मिथुनने तो न उलगडताच पुठ्ठ्यांच्या ढिगावर भिरकावला. कागद वाचून माल बांधणारा माणूस त्याने अजून पाहिला नव्हता.

आणि रॅक त्याने बसवला झकास, हे कबूल करायला हवं. डिकीच्या दाराच्या पत्र्याला वरून आणि खालून आकडे अडकवले, फोमच्या उशा काचेखाली बरोबर टेकवल्या, नंबरप्लेट झाकली जाणार नाही इतकी उंची साधली. मग दोन्ही हातांनी रॅक धरून असा हिसडा मारला की अख्खी गाडी हलली, रॅक नाही. बघायला आलेले शेजारी "वा" म्हणाले. मिथुन फुशारला.

निघायच्या दिवशी सकाळी सायकल चढवली. रॅकबरोबर तिला धरायला रबराच्या बोटभर पट्ट्या आल्या होत्या. मिथुनने त्या ताणून पाहिल्या आणि त्याला हसूच आलं. असल्या रबराने त्याच्याकडे कोणी बिलांचा गठ्ठासुद्धा बांधला नसता. त्याने गोडाऊनमधून आणलेला रॅचेटचा पट्टा काढला. ट्रकवरचा माल बांधायचा पट्टा तो, दांडी वरखाली केली की दर खटक्याला आवळत जाणारा. सायकलच्या वरच्या नळीवरून तो टाकला आणि दांडी मारायला घेतली.

"पप्पा, बस ना," दिना म्हणाली. "कार्बन आहे, दाबलं तर तुटतं. मॅडम बोलल्या होत्या, ते रबरच लावायचं."

"मॅडमनी किती ट्रक भरलेत?"

"पप्पा, प्लीज."

"तू सायकल चालव. बांधायचं मला नको शिकवू."

त्याने आणखी दोन खटके मारले. पट्ट्यावर बोट मारलं. टणक वाजला. दिना तोंड फिरवून पुढे जाऊन बसली.

नाशिकपर्यंत सायकल तसूभर हलली नाही. कसारा घाटात मिथुन आरशात बघून दोनदा म्हणालासुद्धा, "बघ." दिनाने बघितलं नाही.

मैदानाच्या कोपऱ्यात गाडी लावून त्याने पट्टा सोडला. दिना सायकल ढकलत तपासणीच्या मांडवात गेली, तिच्यामागे तो. रुचिका मॅडमनी हँडल पाहिलं, चाकं पाहिली, वरच्या नळीवरून हात फिरवला आणि हात थांबला. पट्टा होता त्या जागी केसाएवढी रेघ होती. मॅडमनी अंगठ्याने दाबलं, तर भाजलेल्या पापडासारखं कुरकुर वाजलं.

"यावर बसायचं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी धावाधाव करून दुसरी सायकल शोधली, पण मिळाली तिच्या पेडलला दिनाचा पाय पोचेना. तेवढ्यात तिच्या गटाचं नाव पुकारलं आणि मुली सुटल्या. दिना काठावर उभी राहून पाहत राहिली.

"हे केलं कोणी?" मॅडमनी विचारलं. "बांधली कोणी होती?"

मिथुनने तोंड उघडायच्या आत दिना म्हणाली, "टेम्पोतून पाठवली होती मॅडम. टेम्पोवाल्याने बांधली."

इथे गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण आजूबाजूला चार पालक उभे होते, चांगल्या कपड्यांतले, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

"हमाल लोक, मॅडम," मिथुन म्हणाला. "अक्कल गहाण टाकलेली असते. मालाची काही कदर न्हाय त्यांना."

मॅडमनी मान हलवली. पालकांपैकी एकजण "खरंय हो" म्हणाला.

सकाळपासून पहिल्यांदा दिनाने बापाकडे सरळ बघितलं. मॅडम जरा लांब गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "टेम्पोवाला मी तुमच्यासाठी आणला, पप्पा. तुम्ही हमालांना शिव्या कोणासाठी घातल्या?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मिथुनला, पण मेल्यासारखं होऊन माणूस मरत नाही, उभाच राहतो.

दुपारी मॅडमनी मोडकी सायकल आपल्या गाडीत आडवी घातली. "चला, भिवंडीवरूनच जाणार आहे. दोघंही बसा."

दिना मागे जाऊन बसली.

"तुम्ही?" मॅडमनी मिथुनला विचारलं.

मैदानाच्या कोपऱ्यात त्याची छोटी गाडी उभी होती, मागे तो झकास बसवलेला रॅक.

"तुम्ही व्हा पुढं," मिथुन म्हणाला. "मी येतो टेम्पोवाल्यासंगती."

मॅडमची गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो आपल्या गाडीकडे पाठ करून उभा राहिला.