चिंधी सोडलेली किटली

मित्रांनो, आधी तक्रार सांगते, मग ओळख करून देते. एका शहाण्या, शिकलेल्या, जगाची काळजी वाहणाऱ्या पोरीने माझ्या तोटीची चिंधी न विचारता सोडली. वर खोटं बोलून दोष माझ्या मालकिणीवर ढकलला. त्या दिवशी मला जीभ असती तर मी तिला उभी सोलली असती.

मी एक जुनी पितळेची किटली आहे. चाळीस पेले चहा एका दमात देणारी. कासाराने मला ठोकून घडवलं तेव्हा शेजारच्या दुकानात माणसांना बोलणं ऐकू येत नव्हतं म्हणे. एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये माझी सारी हयात गेली. वर्गात मी फक्त परीक्षेच्या दिवसांत गेले, तेही पर्यवेक्षकांचा चहा घेऊन. त्यामुळे माझं शिक्षण बेताचंच. पण कोण अभ्यासाला जागलंय आणि कोण नुसतंच जागलंय, हे मी पेला भरतानाच ओळखायची.

कॅन्टीन मावशीचं. मला विकत आणलं तिच्या सासूने. सासू गेली आणि मी सुनेच्या हाती आले. मावशीला सही करायला अर्धं मिनिट लागतं, पण एकवीस वर्षांत तिने कुणाला शिळा चहा पाजला नाही. दर चार महिन्यांनी ती मला कल्हईवाल्याकडे न्यायची. तो मला भट्टीवर तापवायचा, आत नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथील फिरवून कापसाने पुसायचा. मी आतून चांदीसारखी लखलखायची. ही कल्हई उडाली की पितळेत चहा कळकतो आणि पोटात गेला की माणूस आडवा होतो. म्हणून मावशीचा एक कायदा होता. कल्हई उडालेल्या भांड्याला ती लाल चिंधी बांधायची. चिंधी बांधलेलं भांडं शेगडीवर चढणार नाही, मग दारात राजा का येईना.

पुढे कागदी पेले आले, नळ फिरवला की चहा देणारं स्टीलचं पिंप आलं. कल्हईवाल्याचं दुकानही बंद झालं. मावशीने माझ्या तोटीला चिंधी बांधली आणि मला माळ्यावर ठेवलं. "बस जरा," म्हणाली. ते जरा सहा वर्षं चाललं. मला राग नव्हता. म्हणजे होता, पण सांगणार कुणाला? शेजारी रवा चाळायचा फुटका चाळणा होता, त्याला काय कळतंय?

माझ्या माळ्याखालच्याच टेबलावर ती पोरगी आणि तिची मंडळी बसायची. दुसऱ्या वर्षाला होती. मावशीने तिचं नाव ठेवलं होतं घाईबाई.

"मावशी, तापमान वाढतंय. आपल्या हातात दहाच वर्षं आहेत!"

"दहा आहेत ना? मग चहा तरी बसून पी. उभ्याने प्यायलेला अंगी लागत नाही."

मी वरून सगळं ऐकायची. पोरांनी दुपारच्या वर्गांतली उष्णता मोजून फळ्यावर लिहिली. कचराडेपो जळतो म्हणून नगरपालिकेवर मोर्चा नेला. मोर्च्यात माणसं आठ, त्यातला एक रस्ता चुकलेला. कारकुनाने सांगितलं सोमवारी या. सोमवारी म्हणाला, साहेब रजेवर आहेत. घाईबाई तरी तिसऱ्यांदा गेली. परत आली ती ओठ चावत. मावशीने न मागता तिच्यापुढे चहा ठेवला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही ती आवडायची. राज्यातल्या तरुणांची हवामान परिषद भरणार होती आणि कॉलेजने तिचंच नाव पाठवलं, तेव्हा माळ्यावर माझी छाती फुगली.

मग पर्यावरण दिन आला आणि पोरांनी चहाचा स्टॉल लावायचं ठरवलं. त्याच सुमारास मावशीच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. जाताना मावशीने कॅन्टीनची किल्ली घाईबाईच्या हातात ठेवली. "दोन दिवस बघ. मांजर आत शिरू देऊ नकोस."

मांजर नाही शिरली. हीच माळ्यावर चढली.

"अय्या, काय सुंदर किटली आहे! कागदी पेले बंद, बिनकचऱ्याचा चहा. हीच आपल्या स्टॉलवर ठेवू."

खाली शिडी धरून तिचा मित्र उभा होता. उंचीमुळे त्याला सगळे लंबू म्हणायचे. तो म्हणाला, "मावशींना फोन करू का? ही चिंधी कसली आहे?"

"अशीच बांधली असेल. त्या दवाखान्यात असतील, कशाला त्रास द्यायचा? त्यांना आवडेलच!"

आणि तिने चिंधी सोडली.

मित्रांनो, त्यांनी मला चिंच लावून बाहेरून इतकं घासलं की मला माझीच लाज वाटली. आतून मात्र नुसतं विसळलं. हातच जात नव्हता ना! आत हिरवं चढलेलं, बाहेर आरसा. त्यात दूध नको, दुधानेही हवामान बिघडतं असं कुणीतरी वाचलेलं. मग केला लिंबाचा चहा. लिंबू! कल्हई नसलेल्या पितळेत! आणि तो दोन तास माझ्या पोटात मुरत ठेवला. मी तोटीतून फुसफुसले, झाकण वाजवलं. "किती गोड आवाज येतोय," एक मुलगी म्हणाली.

दुपारपर्यंत सतरा पोरं उलट्या करत होती. माझ्या हातून आजवर कुणाचं डोकंही दुखलं नव्हतं. ती वाकलेली, पांढरी पडलेली पोरं मला अजून दिसतात. दोन दिवसांत सगळी बरी झाली, नशीब त्यांचं आणि माझं. पण त्या गोंधळात डॉक्टरांनी विचारलं, "हे भांडं वापरायला कुणी दिलं?" घाईबाईच्या तोंडून निघून गेलं, "मावशींनीच दिलं."

झालं. मावशी परत आली तेव्हा कॅन्टीनच्या दाराला नोटीस चिकटवलेली होती. शुक्रवारपर्यंत जागा रिकामी करा. तिने ती शिपायाकडून वाचून घेतली. दोनदा.

गुरुवारी प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं. मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवलेलं. मावशी ताठ उभी होती. खुर्ची देऊनही बसली नाही. प्राचार्यांनी घाईबाईपुढे कागद सरकवला. "किटली मावशींनी दिली, हा तुझा जबाब. सही कर आणि परिषदेच्या तयारीला लाग."

मावशीने माझं झाकण उघडलं, आत पाहिलं, मग तोटीवरून हात फिरवला.

"साहेब, मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच विचारते. हिच्या तोटीला चिंधी होती, ती कुणी सोडली?"

घाईबाईने पेन उचललं. मला वाटलं, करते ही सही. परिषद, फोटो, टाळ्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला चहा विकणारी एक बाई. तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"मी सोडली," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की प्राचार्य म्हणाले, "काय?"

"मी सोडली, सर. मावशी इथे नव्हत्याच. किटलीही मीच काढली, न विचारता. त्यांनी दिली असं मी खोटं सांगितलं. मी घाबरले होते."

प्राचार्यांनी तो कागद परत ओढून घेतला. "तुझं नाव मागे घ्यावं लागेल, माहीत आहे ना?"

"लंबूला पाठवा, सर. तो म्हणाला होता, मावशींना विचारू."

प्राचार्यांनी नोटीस मागे घेतली. बाहेर आल्यावर घाईबाई कॉरिडॉरमध्येच मावशीच्या पायाशी बसली आणि हमसून हमसून रडली. मावशी तिला ओलांडून निघून गेली. हो, ओलांडून! माझी मालकीण आहे ती, उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी मला प्राचार्यांकडून मागून घेऊन, पिशवीत घालून कल्हईवाला शोधत फिरली. भांड्यांच्या दुकानात लोक हसले. शेवटी एका गल्लीच्या टोकाला आमच्या जुन्या कल्हईवाल्याची सून सापडली. सासऱ्याची भट्टी तिने लग्नसमारंभाच्या भांड्यांसाठी चालू ठेवली होती. पोरीने भाता मारला, धुराने चुरचुरणारे डोळे चोळले आणि नवसागर किती, कथील किती, दर किती दिवसांनी, सारं वहीत लिहून घेतलं. सहा वर्षांनी मला पोटात कथलाची ऊब आणि उजेड जाणवला. रागावून राहायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर वापरा. आम्हाला टाकू नका, कचऱ्यात भर नको. पण आम्हाला माळ्यावरून उतरवण्याआधी आम्हाला काय लागतं ते विचारा, आणि ज्यांनी आम्हाला सांभाळलं त्यांना तर आधी विचारा. नुसतं बाहेरून घासून कुणाचंच भलं होत नाही.

संध्याकाळी तिने मला मावशीपुढे ठेवलं आणि खाली मान घालून उभी राहिली. मावशीने आत बोट फिरवलं, उजेडात धरून बघितलं, नाकाशी नेलं. मग तिच्याकडे वर-खाली पाहिलं.

"अक्कल तुझी अजून कच्ची आहे, पोरी. ती येईल हळूहळू, टक्केटोणपे खाऊन. पण सगळ्यांसमोर 'माझं चुकलं' म्हणायची छाती बाजारात मिळत नाही, ती तुझ्याकडे आहे. म्हणून येऊ देते तुला पुन्हा माझ्या कॅन्टीनमध्ये. आता उभी काय राहिलीस? कचराडेपोसाठी नगरपालिकेतल्या त्या कारकुनाकडे सोमवारी मी येते तुझ्याबरोबर. बघू कसे रजेवर असतात त्याचे साहेब!"