यशराजचा हात

काशिफ मुल्लाणीचं शाहूपुरीतलं दुकान म्हणजे नुसती बोळकांडी, पण त्यातला रुबाब दरबाराचा. गिटार घेऊन कुणीही येवो, वाजवणारा स्वतः समोरच्या लाकडी खुर्चीत बसल्याशिवाय काशिफ तारांना हात लावायचा नाही. "तारा गिटारीच्या नसत्यात पावणं, हाताच्या असत्यात," असं म्हणून तो भल्याभल्यांना परत पाठवायचा. हात हलका असेल तर तारा बोटं दाबायच्या पट्टीच्या जवळ हव्यात, दणकून मारणारा असेल तर वर उचललेल्या. फरक केसभराचा, पण तेवढ्यावर बोटं सुखात राहतात नाहीतर सोलून निघतात. गिऱ्हाइकं मागं शिव्या घालायची आणि पुन्हा त्याच्याकडेच यायची.

हा नियम मोडला तो शालूबाईंसाठी. कसबा बावड्याहून त्या एका दुपारी आल्या, काखेत चादरीत गुंडाळलेली बेस गिटार. टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यशराज म्हणतोय, तारा लई जड जात्यात. जरा खाली घे."

यशराज त्यांचा एकुलता एक मुलगा. ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेला, आणि त्याच्या मातीला काशिफ स्वतः गेला होता.

'मावशी, यशराज कुठाय आता?' असं विचारायला हवं होतं. पण आईच्या तोंडावर ते बोलायला काळीज दगडाचं लागतं. काशिफनं चादरीतनं गिटार सोडवली. या तारा त्यानंच एकेकाळी यशराजच्या हाताच्या मानानं लावलेल्या, दुकानातल्या सगळ्यांत उंच. पोरगं वाजवायचं कसलं, लाकडं फोडल्यासारखं मारायचं. त्यानं तारांची उंची बदलायच्या चावीनं त्या थोड्या खाली घेतल्या आणि गिटार परत दिली. आईचं मन आहे, होईल शांत, असं त्याला वाटलं.

महिनाभरानं शालूबाई पुन्हा दारात. "अजून जड जात्यात म्हणतोय रं."

आता मात्र काशिफ घाबरला. गेलेल्या माणसाचा हातही दमत जात असेल का, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला तो निघेना. तारा खाली घेताना नजर सारखी खुर्चीकडं जायची. शेवटी न राहवून त्यानं रिकाम्या खुर्चीलाच विचारलं, "आता बरं हाय न्हवं?" खुर्ची करकरली. उन्हानं लाकूड बोलतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या दिवसापासून तो खुर्चीकडं पाठ करून कधी बसला नाही. गिऱ्हाईक बसायला लागलं की "जरा थांबा" म्हणायचा आणि बैठक फडक्यानं पुसायचा, आधीच्याला उठायला वेळ द्यावा तसा. लोकांना वाटायचं, स्वच्छतेचं वेड लागलंय.

मग एक दिवस यशराजचे वडील, बाळासो, आले. खुर्चीत बसले नाहीत, दारालाच टेकून उभे राहिले.

"दुपारची जेवणं झाली की ही दार लावून घेती. आतनं धुम-धुम. मधीच बोलती त्याच्याशी. म्हशी वरडून वरडून मरत्यात, धारा काढायचं भान न्हाय. प्वार गेलं काशिफ, आता ही बी हातची जाईल माझ्या. पुन्यांदा आली की सांग, गिटार मोडली, दुरुस्त हुईत न्हाय. एवढं कर."

काशिफनं शब्द दिला. हा नाद त्यालाही संपवायचाच होता. रात्रीची झोप उडाली होती त्याची.

शालूबाई आल्या, तेच गाठोडं, तेच बोलणं. मोडली म्हणून सांगायला काशिफनं तोंड उघडलं, पण धडधडीत खोटं काही बाहेर पडेना. पडलं ते भलतंच. "मावशी, आता त्यालाच घिऊन या. खुर्चीत बसवा. हात बघितल्याबिगर मला जमायचं न्हाय."

बोलला आणि त्यानं जीभ चावली.

शालूबाईंनी पदर खोचला, खुर्चीत बसल्या आणि ते अवजड धूड मांडीवर घेतलं. चार सूर वाजवले, तेच ते, अडखळत. डाव्या हाताची बोटं काळी पडली होती, एकाला चिंधी बांधली होती.

"मीच वाजवतीया. पलंगावर बसून तो हे घोकायचा, तेवढंच येतंय. पन्नाशीच्या बाईनं गिटार वाजवती म्हणून कुणाला सांगायचं? म्हणून त्याचं नाव सांगितलं."

काशिफला हसू आणि रडू एकदमच आलं. म्हणजे भूत नव्हतं, लाजणारी आई होती! आणि आपण शहाण्यासारखं खुर्ची पुसत बसलो. त्यानं प्रथमच तो हात नीट पाहिला. आखूड बोटं, मार अगदी हलका. त्या हाताला साजेल अशा तारा त्यानं मन लावून खाली घेतल्या. शालूबाईंनी पुन्हा वाजवलं, आणि सूर गोल, स्वच्छ निघाला. त्या हसल्या. त्यांचं हसू काशिफनं वर्षात पाहिलं नव्हतं.

"ही आता त्याला चालंल न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

कधीतरी हे सांगायलाच हवं होतं. "न्हाय मावशी. त्यानं मारलं की तारा पट्टीवर आपटणार. नुसता खडखडाट. ही आता तुमची."

शालूबाई तारांवरनं हात फिरवत राहिल्या.

"म्हंजे मी वाजवलं तर ग्वाड वाजंल," त्या म्हणाल्या. "आन् खडखडली की समजायचं, त्यो आलाय."

काशिफच्या हातात चावी तशीच होती. तारा थोड्या वर घेतल्या असत्या तर कुणाच्याच हातानं खडखडल्या नसत्या. बोटांना थोडा त्रास झाला असता, पण बाई त्या बंद खोलीत वाट बघत तरी बसल्या नसत्या. बाळासोंना शब्द दिला होता. शालूबाई गिटार छातीशी धरून त्याच्याकडं पाहत होत्या.

"अशीच ऱ्हाऊ दे न्हवं, लेकरा?"

"ऱ्हाऊ दे मावशी," तो म्हणाला आणि चावी खणात टाकली.

संध्याकाळी बाळासोंचा फोन वाजत राहिला. काशिफला तो उचलवला नाही.